चाचांच्या नोंदवहीतलं माझं नाव

सुधारणा कितीही करा, जुनं काही मोडायचं नाही, हा चाचांचा बाणा होता. माझं सगळ्यात जास्त डोकं फिरायचं ते यानंच.

लातूरच्या आमच्या लहानशा कंपनीत त्यांना सगळे चाचाच म्हणत. आमच्यासारखीच पगारी नोकरी. पण प्रोग्राम आणि डेटाबेस यांचं एकमेकांशी बोलणं करून देणारी एक लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्रामात वापरता येईल असा तयार कोड, ते फावल्या वेळात फुकट सांभाळत. ती मूळ लिहिणारा परदेशी माणूस कंटाळून निघून गेला आणि चाचांनी ती पदरात घेतली. कुठकुठल्या देशांतले लोक त्यांना अदबीनं शंका विचारत. चाचा साधे बी.कॉम., मी बिलोलीचा, पहिल्या वर्गात पास झालेला इंजिनिअर, आणि मला कुत्रं विचारत नव्हतं. खोटं कशाला सांगू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

लायब्ररीतल्या एखाद्या आज्ञेचं नाव बदललं तरी जुन्या नावानं मारलेली हाक तिला ऐकू आलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. म्हणायचे, "माझे अब्बा अहमदपूरला अर्जनवीस. लातूर नवा जिल्हा झाला, तरी खेड्यातले लोक उस्मानाबादच्याच नावानं अर्ज लिवा म्हणायचे. अब्बांनी कुणाला माघारी धाडलं न्हाई. आधी जुनं ऐकून घ्यायचे, मग नवं लिवायचे."

कुठलाही बदल केला की लोकांनी कधीकाळी धाडलेले जुनेपुराणे प्रोग्राम ते एकेक करून चालवून बघत. "थोरल्यांना इचारल्याबिगर लगीन ठरवतेत का?" मी चिडून म्हणायचो, "चाचा, यातलं निम्मं कुणी वापरतही नाही." त्यावर उत्तर ठरलेलं: "एखादा वापरत आसंल की, बेटा."

दुष्काळाच्या साली टँकरच्या खेपांच्या याद्या काढायचं काम आमच्याकडे आलं. एक तालुका मला, एक चाचांना. काम करताना माझ्या लक्षात आलं, की लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत लांब मराठी नावाचं शेपूट कापलं जातंय. मराठी अक्षराला इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, हे त्यात सुटलं होतं. चाचांची चूक! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी माझ्यापुरती डागडुजी केली आणि तोंड मिटून बसलो. होऊ दे म्हटलं एकदा शोभा.

चाचांच्या तालुक्यात एकाच नावाची दोन गावं होती, एक बुद्रुक आणि एक खुर्द. शेवटचा शब्द कापला गेल्यावर दोन्ही नावं सारखीच दिसायला लागली. एकच गाव दोनदा आलंय असं समजून प्रोग्रामनं एक नाव गाळलं. टँकर सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी खुर्दच्या सरपंचबाईंचा फोन आला. "सायेब, आमचं गाव हाय का न्हाई तुमच्या कॉम्प्युटरात? दोन दिस झाले, लेकरं पाणी पाणी करायलीत."

चाचांनी आधी फोनाफोनी करून टँकर धाडला. मग माझ्याजवळ आले. "तुझ्या यादीत नावं पुरी कशी रे?" त्यांनी माझा प्रोग्राम उघडला. डागडुजीवर तारीख होती, दोन आठवड्यांपूर्वीची. त्यांनी ती वाचली. एवढंच म्हणाले, "लई नीट लिवलास." मला वाटलं, दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लायब्ररीच्या बदलांच्या नोंदवहीत दुसऱ्या दिवशी ओळ आली: 'लांब नावं कापली जात होती. चूक माझी. शोधली मिलिंदनं.' परदेशातून माझं कौतुक आलं. ज्या जागी नाव यावं म्हणून मी एवढा जळलो, तिथं ते आलं, आणि मला ते बघवेना.

पुढे डोळे अधू झाल्यावर चाचा अहमदपूरला परतले. जाताना लायब्ररी माझ्या स्वाधीन केली. मी म्हटलं, "माझ्याकडे कशी देता?"

"तू आता गप बसणार न्हाईस," ते म्हणाले. त्या गोष्टीबद्दल ते तेवढंच बोलले.

चाचा आता नाहीत. लोक अजून त्यांचीच आठवण काढतात, आणि अजूनही मला थोडं लागतं. नोंदवहीतली ती ओळ पुसायचा अधिकार माझा आहे, पण तिला मी हात लावलेला नाही. तिच्याखाली फक्त माझी एक ओळ लिहिली: 'दोन आठवडे आधी शोधली होती. सांगितली नाही.'