घरचा नंबर

“नाव बोल, गाडी नंबर बोल, आन् घरचा नंबर बोल.”

काल्हेरच्या आमच्या गोदामाच्या गेटवर ट्रक थांबला की वॉचमन काका हे तीन प्रश्न विचारायचे. पहिले दोन कंपनीचे. तिसरा त्यांचा स्वतःचा. रजिस्टरच्या छापील रकान्यांपुढे त्यांनी पट्टी लावून लाल पेनाने एक रेघ ओढली होती आणि वर लिहिलं होतं, ‘घरचा नं.’

“घर का नंबर काहे को, चाचा? रिश्ता लेके जाओगे?” ड्रायव्हर हसायचे.

“तुमको कुछ हो गया तो घर पे कौन बोलेगा? मैं बोलेगा ना.”

अशी नको तिथे काळजी करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना थोडं हसतो आणि पुढे जातो. माझं हसणं तेवढ्यावर थांबलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी सकाळी कॉलेजला जायचे आणि दुपारपासून गोदामात पार्सलं स्कॅन करायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गोदामात मोबाइल न्यायला बंदी, तो केबिनमध्ये काकांकडे जमा करायचा; आमची हजेरीही ते त्याच रजिस्टरात लिहायचे, आणि पहिल्या दिवशी माझ्याकडूनही घरचा नंबर घेतला होता. संध्याकाळी अर्ध्या तासाची सुट्टी झाली की मी केबिनमधल्या स्टुलावर येऊन बसायचे. गाड्यांचे फोटो काढायला कंपनीने गेटवर एक टॅब दिला होता. त्यावर मी एक मालिका लावली. हिंदीत डब केलेली, जुन्या काळातली, खुनांची. परदेशातलं एक बंदर, बोटीने येणारे तरुण प्रवासी आणि त्यांना गोड बोलून ठेवून घेणारा लॉजवाला. तो प्रत्येकाचा पासपोर्ट ‘जपून ठेवतो’ म्हणून कपाटात टाकायचा. मग तो प्रवासी पुन्हा दिसायचा नाही.

लॉजवाला कधी पकडला जातो, याकडे माझं लक्ष. काकांचं दुसरीकडेच.

“पोरी, ह्याच्या घरी कळवलं का कुणी?”

“काका, पिक्चर आहे तो.”

“पिक्चर हाय, म्हाईत हाय मला. पन ह्याला घर असंलच ना?”

प्रत्येक खुनाला हा प्रश्न. एका भागात मेलेल्या मुलाची आई त्याच्यासाठी नवा स्वेटर विणत होती. काका खुर्चीवरून उठले आणि टॅबला म्हणाले, “अगं माय, नको इनू. तो न्हाय आता. कुनीतरी सांगा रे तिला!” डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुट्टीपुरता परत घेतलेला माझा मोबाइल मी हळूच वर धरला आणि ते सगळं टिपलं.

वर्गात मी गप्प असायचे. काय बोलावं ते सुचायचं नाही. त्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला आणि पहिल्यांदा सगळे माझ्या कशावर तरी हसले. कुणी गैरहजर असलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, “ह्याच्या घरी कळवलं का कुणी?” मुली मला जागा धरून ठेवू लागल्या. मला ते आवडलं. ही गोष्ट लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे.

आठवड्याभरात व्हिडिओ गेटवर परत आला. मी मोबाइल जमा करायला रांगेत उभी होते. एका ड्रायव्हरने काकांच्या तोंडासमोर फोन धरला. “चाचा, हीरो बन गये तुम तो!”

काकांनी तो दोनदा पाहिला. “माजा आवाज असा हाय व्हय?” एवढंच म्हणाले. मग त्यांनी वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या स्टुलाकडे.

मी व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला. तोवर तो माझ्या हातात राहिला नव्हता.

संध्याकाळी दोन चहा घेऊन केबिनमध्ये गेले. “लावू का, काका? शेवटचाच भाग राहिलाय.”

“नको पोरी. माजं बघून झालं.”

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, “माजा धाकला भाऊ आखातात गेलता. तिकडंच वारला. आठ म्हैन्यांनी गावचा एक पोर माघारी आला, तवा आमाला कळलं. तवर आमी त्याला पोरगी बघून सुपारी फोडली व्हती. हळदीचा दिवस धरला व्हता.”

मी केलं, काका. हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी विचारलं, “चहात साखर कमी झाली का?”

“न्हाय गं. बरोबर हाय.”

त्या दिवसानंतर ड्रायव्हरांना तिसरा प्रश्न कधी ऐकू आला नाही.

परीक्षेसाठी मी पंधरा दिवस सुट्टी घेतली. व्हिडिओ मीच काढला हे उद्या सांगू, म्हणत राहूनच गेलं होतं. परत आले तर केबिनमध्ये दुसरेच वॉचमन. “ते सोडून गेले. अकलोलीकडं गाव हाय म्हनं त्यांचं.” काकांचा मोबाइल बंद होता.

मी रजिस्टर मागून घेतलं. ट्रकांपुढचा लाल रकाना, व्हिडिओ गेटवर आला त्या दिवसापासून कोरा होता. फक्त रोजच्या माझ्या नावापुढे, त्यांच्या वळणदार अक्षरात, माझ्या आईचा नंबर होता. मी सुट्टीवर जाईपर्यंत, एकही दिवस न चुकता. मग मी त्यांची स्वतःची हजेरी पाहिली. पहिल्या पानापासून त्यांच्या नावापुढे घरचा नंबर नव्हताच. आम्ही कुणी विचारलाही नव्हता.

शेवटचा भाग मी एकटीने पाहिला. लॉजवाला पकडला जातो. पण त्याच्याही नंतर एक पत्र बोटीने, मग घोडागाडीने त्या आईच्या दारात पोहोचतं. ती ते उभ्यानेच वाचते आणि सुया खाली ठेवते. “काका, कळवलं हो तिला,” हे मला त्यांना सांगायचं आहे. आणि त्याच्या आधी दुसरं एक सांगायचं आहे.

अकलोली काही परदेश नाही. वज्रेश्वरीच्या गाडीत बसलं की माणूस तिथे पोहोचतो. परीक्षा संपून चार महिने झाले. मी अजून गेले नाही.