इटलीतली ती रोजची लाल

रविवारी दुपारी चार माणसं एका ओसरीवर बसली की किस्से आपोआप साठतात, कुणी मुद्दाम साठवत नाही. आमचे साठले मंगळवार पेठेत, नानांच्या घरी.

नाना आमच्या फाउंड्रीत टाइमकीपर. त्याआधी पलटणीत. महायुद्धात इटलीत असताना एका शेतकरणीनं त्यांना भर दुपारी, जेवणासोबत, एनॅमलच्या मगातून लाल वाइन दिली होती. तिथं म्हणे ती सगळे रोज घेतात, आपण ताक घेतो तशी. गोड नाही, महाग नाही, डोक्यात जात नाही. तीस वर्षं झाली तरी ती चव नानांच्या जिभेवरून गेली नव्हती. मरायच्या आत एकदा सापडली पाहिजे, असं ते म्हणायचे. म्हणून आम्ही शोधायला लागलो. मी ड्राफ्ट्समन, बसाप्पा स्टोअरकीपर, इब्राहिम ट्रक ड्रायव्हर. दारूचं परमिट नानांचं!

*

इब्राहिमचा ट्रक कास्टिंग घेऊन गोव्याला जायचा, म्हणून बाटली निवडायचं काम त्याच्याकडे. गंमत म्हणजे तो स्वतः थेंबभरही घेत नसे. बाटली उन्हात धरायची, उलटी करायची, गाळ बघायचा, डिझेल पारखावं तसं. पहिली आणली ती पोर्ट, औषधासारखी गोड. नानांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"इब्रा," नाना शांतपणे म्हणाले, "खोकला न्हाय मला."

*

बसाप्पाही घेत नसे. पण स्टोअरमध्ये माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही, हा त्याचा नियम वाइनलाही लागू. एका बाटलीत रंग मिसळलाय असा त्याला संशय आला. त्यानं स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर चार थेंब टाकले. घरी धुतलं तर जाईना. दुसऱ्या रविवारी तेच धोतर नेसून पुरावा दाखवायला आला. मग खात्री करायला दुसऱ्या बाटलीचे चार थेंब. तेही गेले नाहीत. पाचव्या धोतरानंतर त्याच्या बायकोनं काकींना, म्हणजे नानांच्या मंडळींना, निरोप धाडला की मालकांना आता लुगडं नेसवून पाठवते.

*

मी एका इंग्रजी मासिकात वाचलं की लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी. मी तसं छातीठोकपणे सांगितलं. महिना मे. वर पत्रा. नानांनी वाइनचा मग हातात घेतला, फुंकर मारली आणि काकींना हाक मारली, "बशी आण गं, ओतून पितो."

*

वर्षभर एकही बाटली पसंत पडेना. सगळ्या सारख्याच लागायच्या. एका रविवारी बसाप्पानं, दहीभात खाता खाता, आमच्या मगात गुपचूप कोकमाचं पाणी ओतलं. नाना प्यायले, छताकडे बघत राहिले.

"ही जरा जवळ आली," म्हणाले.

बसाप्पानं कोकमाचा तांब्या दाखवला, तेव्हा उजेड पडला. दर रविवारी आम्ही आधी काकींचा तांबडा रस्सा ओरपायचो आणि मग वाइन चाखायला बसायचो! त्या रश्श्यानंतर जिभेला पाणी कुठलं आणि वाइन कुठली! पुढच्या रविवारपासून आधी वाइन, मग ताट.

*

एकदा फाउंड्रीच्या एका मुंबईच्या गिऱ्हाइकानं भारी परदेशी बाटली भेट दिली. जिभेवर ठेवली तर मखमल. आम्हाला वाटलं, झालं, संपला शोध. नानांनी मान हलवली.

"मानाचा पावणा हाय ह्यो. रोज घरात ठेवून घेता येत न्हाय."

मग ते तिकडच्या दुपारींबद्दल बोलत राहिले. आजऱ्याकडच्यासारखे डोंगर, फक्त काजूच्या जागी द्राक्षं. ती शेतकरीण नुसती हसायची, भाषा कळत नव्हती. बोलता बोलता ते थांबायचे आणि आम्हीही त्या डोंगरात कुठंतरी फिरत राहायचो. त्या दुपारी मला फार आवडायच्या.

*

थंडीत इब्राहिमनं एक साधी बाटली आणली. लेबल अर्धं फाटलेलं, किंमत नेहमीचीच. नानांनी घोट घेतला. मग दुसरा. ओसरीवर ऊन तिरकं आलं होतं. बराच वेळ ते त्या उन्हाकडे बघत राहिले.

"ही न्हवं," म्हणाले.

इब्राहिमचं तोंड उतरलं. मलाही वाईट वाटलं, दोन वर्षं झाली होती. नापसंत बाटली नाना नेहमी माझ्याकडे सरकवायचे. ती मात्र त्यांनी फडताळात ठेवली.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा नाना आंघोळीला गेले होते. काकी तांदूळ निवडत होत्या. खिडकीत तीच बाटली, रिकामी. मी विचारलं.

"रोज जेवताना घेतली की," काकी हळू आवाजात म्हणाल्या. "मला बी घोटभर पाजली. आन त्या बाईचं नाव सांगितलं, इतक्या वर्सांनी."

तेवढ्यात नाना डोकं पुसत बाहेर आले. आमच्याकडे बघून खुशीत हसले आणि आपला मग पुढं केला.

"काय रं इब्रा, आज कंची आणलीस? सापडाय पायजे की एकदा."