चेहऱ्यापर्यंत न पोचलेलं हसू

कुणाच्या हाती ही वही पडली तर चुकांना आणि वाकड्या अक्षराला सांभाळून घ्यावं. मी चौथीपर्यंत शिकले, तीही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं वडिलांनी घरी गिरवून घेतली. माझे यजमान जाऊन दीड महिना झाला. त्यांना पार्किन्सन होता.

यांनी तीस वर्षं वरुणा गावाहून दूध आणून शहरातल्या मंडी मोहल्ल्यात रतीब घातला. बोलणं कमी, माझंही कमीच. जेवण आवडलं की यांची डावी भुवई वर जायची, ओठ जरासे हलायचे. मला तेवढं पुरायचं... मग ती भुवई हलेनाशी झाली. भातावर आवडीचं सारू वाढलं तरी चेहरा लाकडासारखा. नणंदेकडच्या लग्नाला मी गेले नव्हते, त्याचा राग धरलाय असं मी समजले. विचारायचा धीर झाला नाही. ताट वाढून मी आत जाऊन बसायची. वर्ष असंच गेलं. मग यांचा हात थरथरू लागला, तेव्हा दवाखान्यात गेलो.

यांचा धंदा ऐकून डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "अम्मा, रिकामे कॅन परत आलेच नाहीत तर?"

"उद्याचं दूध कशात भरणार?"

"मेंदूतही तसंच. दोन पेशी जिथं भेटतात तिथं निरोप बारीक पिशव्यांतून जातो. रिकाम्या पिशव्या परत घेऊन पुन्हा भराव्या लागतात. ते काम बिघडलं की पेशी खंगत जातात. या आजाराचं हे एक कारण असावं, शोध अजून चालू आहे. यांच्या चेहऱ्याला निरोप पोचत नाही. आत सगळं आहे."

"कॅन तर हे स्वतः घासायचे," मी म्हटलं. हे हसले असावेत. दिसलं नाही.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "माझ्यावर राग नव्हता ना?"

हे हळूहळू माझ्याकडे वळले. "मला वाटलं, तूच रागावलीस. ताट ठेवून आत जायचीस."

पुढची चार वर्षं आम्ही समोरासमोर बसून जेवलो. यांचा आवाज बारीक होत गेला, तशी मी बोलू लागले... गल्लीतलं, बाजारातलं, काहीही. जन्मात बोलले नसेन इतकं. आता जेवायला बसते, सांगण्यासारखं काहीतरी आठवतं, आणि घास हातातच राहतो.