चेकच्या नंबरातली दोन शून्यं

माझ्या एका हातात चेकबुकाचं काउंटरफॉईल होतं, त्यावर ००३४१७. दुसऱ्या हातात मी स्वतः काढलेली यादी, त्यावर ३४१७. मी पुढचं बघितलं. ००३४१८. यादीत ३४१८. त्याच्या पुढचं पण तसंच. आतल्या खोलीत साहेब हिशेबनीस काकांचा जबाब घेत होते, आणि तो जबाब माझ्या यादीवरून चालला होता. चार वाजता अटक दाखवायची असं ठरलं होतं. घड्याळात एक वाजून गेला होता.

ही केस मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. आता मी वर्दीत नाही, पाच वर्षं नोकरी केली आणि पोरीसाठी सोडली. वडील हवालदार होते, ड्युटीवर असताना गेले, त्यांच्या जागी मला घेतलं. माझी दहावी दुसऱ्या खेपेला झाली, अकरावी अर्धी सोडली. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तर झालं असं. वालीवला एक छोटा कारखाना होता, बाटल्यांची झाकणं बनवायचा. तिथल्या शेठनं तक्रार अर्ज दिला की बँकेत पैसे कमी दिसतात, हिशेब जुळत नाही. दोन दिवसांनी आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला, नाव न सांगता. म्हणे त्यांच्या हिशेबनिसानं कामणला जागा घेतलीय, पगार केवढा आणि जागा केवढी, विचारा त्याला. झालं. साहेबांनी काकांना बोलावून बसवलं, आणि शेठचा कॉम्प्युटर आणि ऑफिसातलं चेकबुक पंचनामा करून आमच्या रेकॉर्डच्या खोलीत आणला.

शेठनं नवीन हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात बँकेच्या खात्याची फाईल घातली की कॉम्प्युटर आपोआप वहीतली नोंद आणि बँकेतली नोंद जुळवतो, आणि जे जुळत नाही त्याची यादी देतो. काका वहीच्या नोंदी त्यात भरायचे, पण हे जुळवणं त्यांना येत नव्हतं. ते बँकेचा कागद समोर ठेवून पेन्सिलीनं टिकमार्क करायचे. साहेब म्हणाले, "त्याच्या पेन्सिलीवर माझा विश्वास नाही. कोण जाणतं कॉम्प्युटर?"

मी हात वर केला.

खरं सांगते, मला थोडंच येत होतं. माणिकपूरला रिक्षा स्टँडच्या वर एक क्लास होता, तिथं तीन महिन्यांचा कोर्स केला होता. पण माझी पोरगी आठ महिन्यांची होती, अंगावर पीत होती. बंदोबस्त लागला की चौदा चौदा तास बाहेर. कॉम्प्युटरची ड्युटी म्हणजे बसून काम, पाच वाजता घरी. म्हणून म्हटलं, येतं.

बँकेनं फ्लॉपी दिली. फाईल उघडली तर सगळे रकाने एकमेकांत घुसलेले, नुसता गिचमिडा. मला बघवेना. मी नीटनेटकी बाई आहे, घरात डबे पण ओळीत लागतात माझे. रकाने रुंद केले, तारखा सरळ केल्या, छान दिसायला लागलं, आणि त्याच फ्लॉपीवर सेव्ह मारलं. मग सॉफ्टवेअरला सांगितलं, ह्या रकान्यात तारीख, ह्यात चेक नंबर, ह्यात रक्कम. बटण दाबलं. प्रिंटर खरडत खरडत यादी काढू लागला. बँकेतून गेलेले आणि वहीत नसलेले चेक, अडतीस. मलाच अभिमान वाटला. साहेब म्हणाले, "शाब्बास गं."

त्या शाब्बासकीवर काकांना दोन दिवस बाकावर बसवलं. कानाखाली पण वाजवली, ते मी दारातून बघितलं. पन्नाशीचा माणूस, खाडीकडचा, शर्टाची वरची गुंडी पण लावलेली. ते एकच बोलत होते, "साहेब, सगळं नोंदलंय. माझं काउंटर बघा, एक पन चेक सुटला नाय. जागा बायकोच्या वाटनीची वाडी विकून घेतली, कागद आनून दाखवतो."

साहेब म्हणाले, "कॉम्प्युटर खोटं बोलतो होय?"

काका म्हणाले, "कॉम्प्युटरला कोनी काय सांगितलं ते मला काय ठावं."

ते वाक्य मला टोचलं. म्हणून मी ते चेकबुक कपाटातून काढलं. आणि तिथं मला दिसलं की रकाने सरळ करताना पुढची शून्यं गळून गेलीत. मी गाळली नाहीत, फाईल सेव्ह झाली तेव्हा आपोआप गेली, पण सेव्ह तर मीच मारलं. वहीत ००३४१७, बँकेच्या फाईलीत ३४१७. आपल्याला कळतं एकच चेक आहे. कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं. त्यानं सगळ्यांना अनोळखी ठरवलं.

दुपारची पाजायची वेळ टळून गेली होती, वर्दी पुढून ओली झाली होती. फाईल छातीशी धरली आणि आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. काका आत गेले असते, मी पाच वाजता घरी. पण त्यांची ती लावलेली गुंडी डोळ्यासमोरून जाईना. मी दारावर टकटक केली.

साहेब म्हणाले, "काय गं, यायला मुहूर्त काढत होतीस का?"

"साहेब, यादी चुकलीय."

"कुणाची?"

"माझी."

साहेब बाहेर आले, दार लावलं. मी काउंटरफॉईल आणि यादी शेजारी शेजारी धरली. त्यांनी एकेका नंबरावर बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "दोन दिवस माणूस बसवलाय मी. हात उचललाय त्याच्यावर. आणि तू आता सांगतेस शून्यं पडली?"

"हो साहेब. परत काढते. मूळ फाईल माझ्याकडून बिघडली, बँकेतून नवी आणावी लागेल."

"चारच्या आत. नाहीतर उद्यापासून नाक्यावर उभी करतो तुला, पोर रडली तर रडली."

रिक्षा केली, काउंटर बंद व्हायच्या आत बँकेत पोहोचले. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, परवाच दिली ना फ्लॉपी?" मी म्हटलं, "माझ्याकडून खराब झाली." त्या दिवशी दुसऱ्यांदा कबूल केलं, पहिल्यापेक्षा सोपं गेलं. परत आले. फाईल उघडून बघितलीच नाही, गिचमिडा तर गिचमिडा. सॉफ्टवेअरमधे चेक नंबरचा रकाना आकडा म्हणून घ्यायचा की अक्षरं म्हणून, असं विचारत होतं. पहिल्यांदा मी ते वाचलंच नव्हतं. अक्षरं केलं. बटण दाबलं, डोळे मिटले.

अडतीसचे दोन उरले.

ते दोन्ही चेक दुसऱ्याच चेकबुकातले होते. बँकेतून मागवून बघितले, तर सही शेठची, पैसे पण शेठनंच रोख उचललेले. शेठला विचारलं तर डोकं खाजवत म्हणाले, "अरे हां, ते पोरीच्या लग्नाचे. ते चेकबुक घरी असतं, सांगायचं राहिलं." अर्ज त्यांनी मागे घेतला. तो फोन कुणी केला ते आजपर्यंत कळलं नाही.

काकांना सोडलं. मी साहेबांना म्हटलं, डायरीत माझं नाव लिहा, चूक माझी. साहेबांनी लिहिलं, तांत्रिक कारणाने यादी चुकली. म्हणाले, "तुझं नाव आलं की माझं पण येतं. जा, पोर वाट बघत असेल."

ह्या केसनं मला एवढं शिकवलं की मशीन चोर पकडत नाही, आपण जे भरवू ते ओकतं. त्यानंतर पुढं कुठल्याही केसला कागद हातात घेतल्याशिवाय मी सही केली नाही. आणि बंदोबस्ताच्या भीतीपोटी "येतं" म्हणणं बंद केलं. नाक्यावर उभी राहिले, पण म्हटलं नाही.

पण एक राहिलं. महिन्याभरानं काका आमच्या चाळीत आले, पत्ता विचारत विचारत. पोरीसाठी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आणली होती, केळीच्या सोपटात बांधलेली, घरची. बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "पोरी, त्या दिवशी तू पन्नासदा तपासलंस म्हनून मी सुटलो. नायतर त्या मशीननं मला खाल्लं होतं. माझी बायको तुझं नाव घेते रोज देवापुढं."

माझी पोरगी माझ्या कडेवर, तिनं हात पुढं केला. ती यादी माझीच होती, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ना, ते बघून मी तोंड मिटलं. मी सुकेळी घेतली.

तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना सांगितलं असतं?