बंबबाईंचा शब्द

दिवेलागणीच्या वेळी बंबबाई कुणाच्या दारात पाय ठेवत नसत. वसुलीला फिरणाऱ्या माणसाला खरं म्हणजे तीच वेळ सोयीची. घरधनी शेतातून, दुकानातून परतलेला असतो, ‘मालक घरी नाहीत’ ही सबब चालत नाही. पण बाई जो कर मागत फिरायच्या त्याचं नाव अग्निशमन कर, आणि आमच्या गावात तिन्हीसांजेला कुणी आगीचं नाव काढलं तर म्हाताऱ्या बाया त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.

बाई नगरपरिषदेत वसुली लिपिक होत्या आणि मी रोखपाल. आमची टेबलं एकमेकांना लागून. पूर्वी गावात आग लागली की बंब वाशीमहून यायचा आणि तो येईपर्यंत विझवण्यासारखं फारसं काही उरायचं नाही. मग कुठल्याशा योजनेतून आम्हाला स्वतःचा बंब मिळाला. नारळ फुटला, पुढाऱ्यांचे फोटो निघाले आणि बंब जो टिनाच्या शेडमध्ये उभा राहिला तो राहिलाच. चालवायला माणूसच नव्हता. शेजारच्या बकऱ्या त्याच्याखाली सावलीला बसू लागल्या. शेवटी सभेने ठराव केला, की प्रत्येक घरावर आणि दुकानावर अग्निशमनाचा एक विशेष कर लावायचा आणि त्यातून ड्रायव्हर आणि जवान ठेवायचे. मार्चअखेर पुरेशी वसुली झाली नाही तर बंब दुसऱ्या गावाला जाणार होता. हे लोढणं बाईंच्या गळ्यात पडलं, आणि नावही तेव्हाच चिकटलं.

लोक कंजूष होते अशातला भाग नाही. घरपट्टी भरत, दिवाबत्तीचे पैसे देत, झाडांचा करही कुरकुरत का होईना देत. नेमकी आगीची ओळ तेवढी सोडत. मी खिडकीतून विचारलं, की एवढीच रक्कम का ठेवली, तर समोरचा माणूस इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणे, “साहेब, आगीचे पैसे घरातून काहाडले म्हंजे आगीले न्योता देल्ला ना.” मी कपाळावर हात मारून घ्यायचो. शिकलेले, दुचाक्या उडवणारे, हातात मोबाईल असलेले लोकही हेच सांगत.

बाईंनी कुणाशी वाद घातला नाही. त्यांनी सकाळी स्वयंपाकाच्या वेळी जायला सुरुवात केली आणि मालकाला सोडून मालकिणीला गाठलं. “चूल पेटवायच्या आंधी तिले हात जोडता ना? मंग पैसे आंधी चुलीपाशी ठेवा, हळदकुंकू वाहा, अन् मंग मले द्या. न्योता नाही हा, तिची शांती हाय.” चूल म्हणजे बहुतेक घरी गॅसची शेगडी, पण हिशेब बायांना पटला. हा शास्त्रार्थ बाईंनी कुठून काढला देव जाणे. त्या दिवसांत माझ्याकडे येणारी प्रत्येक नोट लालपिवळी असे आणि बँकेतला माणूस माझ्यावर डोळे वटारत असे. मी बाईंकडे तक्रार केली, तर म्हणाल्या, “हात धू ना भाऊ. साबन हाय ना हापिसात?”

आमच्या मुख्याधिकाऱ्यांना हा सगळा पोरखेळ वाटे. त्यांनी बाईंना बोलावून सोपा उपाय सांगितला. दारोदारी नुसतं म्हणायचं, ज्यानं कर भरला नाही त्याच्या घरी बंब येणार नाही. आठवड्यात वसुली होते की नाही बघा. मी तिथेच उभा होतो. मलाही उपाय पटला होता. बाई म्हणाल्या, “पैसे येतीन, साहेब. पण मंग घर जळून राह्यलं असताना ड्रायवरनं पावती पाहात बसावं काय? ते मी नाही बोलनार.” त्या दारात एकच शब्द देत. “पैसे तुम्ही द्या, लागली तर बंब येईन.” भरणाऱ्याला आणि न भरणाऱ्याला तोच शब्द.

त्यांचं घर कधी जळलं होतं का, असं लोक विचारत. एवढ्या तळमळीमागे काहीतरी कहाणी असणारच, असं मलाही वाटे. कहाणी काही नव्हती. “नाही जळलं, म्हणून तं आज मागून राह्यली,” बाई म्हणत. “जळल्यावर कोनाले मागू?”

मार्च सरता सरता वसुली जमली, ड्रायव्हर आला, बकऱ्या उठल्या. पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मानोऱ्याच्या वाटेवरच्या आपल्या गावी राहायला गेल्या. गाव आमच्या हद्दीबाहेरचं; पण बंब मोकळा असला तर तिकडेही जायचा, त्यात अडचण काही नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी कापड लाईनला आग लागली. सगळं ऑफिस तिकडे धावलं, मीही गेलो. दोन दुकानं गेली, पण बंब वेळेत आला म्हणून बाकीची लाईन वाचली. आग आटोक्यात येत होती तेवढ्यात बाईंचा फोन आला.

“भाऊ, बंब मोकळा हाय काय?”

मी म्हटलं, “कापड लाईनला आलाय. आता नुसता धूर आहे. कुठे पाठवायचा का?”

“धूर हाय ना अजून? मंग राहू दे तिथंच.”

“पण विचारलं कशाला?”

“असंच,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. मीही विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनेच सांगितलं, की काल दुपारी बाईंचं घर जळालं. मी तसाच गाडी काढून गेलो. स्वयंपाकघर आणि धान्याची खोली कोळसा झाली होती. गुरं तेवढी सुटली होती. बाई अंगणात तीन दगडांवर चहा उकळत होत्या. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला.

“धुरातून परत पेटते,” मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या. “कापडाची लाईन हाय ते. त्या लोकायले मी शब्द देल्ला होता.”

“अहो, पण मला नुसतं सांगायचं तरी होतं.”

बाईंनी कप माझ्या हातात दिला.

“तुले सांगतलं असतं,” त्या म्हणाल्या, “तं तू पाठवला असता.”