गजभियेताईंची काचपट्टी

गजभियेताई कधीच ‘निगेटिव्ह’ म्हणत नसत. थुंकीच्या काचपट्टीवर क्षयाचा जंतू सापडला नाही, की रोग्याला सांगत, “आज दिसला नाही.” लोक चिडायचे. “आहे का नाही, ते बोला ना बाई!” ताई चष्मा पुसत म्हणायच्या, “मले दिसला नाही, येवढंच मी सांगू शकते. लपून बसाची त्याले सवय हाय.”

आमगावजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा त्या तिथल्या लॅबमध्ये पंधरा वर्षं काम करत होत्या. ठेंगण्या, चपळ, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी मी मायक्रोस्कोपखाली काचपट्टीच्या वीस-पंचवीस जागा बघून उठले, तर म्हणाल्या, “काऊन वं, गाडी सुटून राहिली का तुही? शंभर जागा पाय. शंभराव्या जागी तो एकटाच बसून राहते.”

दुपारी आम्ही एकाच डब्यातून जेवायचो. त्यांच्या हातची सुकटीची भाजी आणि सोबत जंतूंच्या गप्पा. नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये शिकलेलं त्या मला त्यांच्या पद्धतीने सांगत. “रक्तातली पांढरी पेशी जंतूले गिळते. लोकाईले वाटते, गिळला म्हंजे मेला. हा मरत नाही. तिच्या पोटातच वर्षानुवर्षं राहते. आंग कमजोर झालं का बाहेर निंगते.” माझा घास हातातच राहायचा. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. घरी गेल्यावर साडी बदलून, कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मी तिला उचलत नसे.

एका उन्हाळ्यात ताईंना खोकला लागला. “राइस मिलचा भुसा उडून राहिला,” म्हणाल्या. मी मान डोलावली. दोन आठवड्यांवर खोकला असणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तपासायला लावायचो, पण ते शब्द आमच्या दोघींच्याही तोंडून निघेनात. त्यांचं ब्लाउज खांद्यावरून ढिलं पडायला लागलं होतं. चौथ्या आठवड्यात एके सकाळी त्यांनी माझ्या टेबलावर थुंकीचा कप ठेवला. “नाव टाक यावर. माह्यंच हाय.”

काचपट्टी मी रंगवली. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि पहिल्याच जागेत, निळ्यावर जंतूंच्या लाल काड्या दिसल्या. एक-दोन नाही, मोळीच्या मोळी. ताई माझ्या मागे उभ्या होत्या.

“किती?”

“पहिल्याच जागेत आहेत, ताई.”

त्या स्टुलावर बसल्या. पंधरा वर्षं दुसऱ्यांना ही बातमी देणाऱ्या बाईचे ओठ पांढरे पडलेले मी पाहिले.

औषध सुरू झालं, आणि ताई तोंडाला रुमाल बांधून कामावर येत राहिल्या. दोन महिने झाले, तरी काचपट्टीवर काड्या होत्याच. त्याचा अर्थ काय असू शकतो, ते त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं: “जंतूच्या जनुकात एक अक्षर बदललं, तरी गोळीले त्याले धराची जागाच सापडत नाही.” जनुकाची तपासणी करणारं यंत्र गोंदियाला होतं. बर्फाच्या डब्यात नमुना घेऊन मी पॅसेंजरने गेले. यंत्राला दोन तास लागतात. ते दोन तास बाहेरच्या बाकावर बसून मी ताईंसाठी प्रार्थना केली, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठी जास्त. त्याच खोलीत मीही श्वास घेत होते. कागद हातात आला. जंतूवर मुख्य औषध चालत नव्हतं.

आमगाव स्टेशनवर उतरले, तर ताई फलाटाच्या टोकाला, माणसांपासून लांब, तोंडाला रुमाल बांधून उभ्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. “नको बोलू. तुह्या तोंडावर लिवलं हाय.”

दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन व्हरांड्यात बसायला लागले. फोन करायचा आहे, असं काहीतरी सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या दारातून म्हणाल्या, “बराबर करून राहिली तू. लेकरू लहान हाय तुह्यं.” त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुढे त्या रजेवर गेल्या. नव्या उपचारातल्या रोजच्या इंजेक्शनांनी कानात शिट्ट्या वाजायला लागल्या, मग ऐकूच येईना. मी त्यांच्या घरी गेले ती एकदाच. “दारातच बस,” त्या ओरडल्या, “वारा तुह्या पाठीकडून येऊ दे.” खाटेवर नुसती हाडं उरली होती. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “लय भेव लागते वं. गोळी घेतली का वाटते, मरून राहिला असल तो. मंग आंग तापते, न् समजते, हाय अजून. माह्यं आंग न् तो, दोघंच लढून राहिले. मले कोणी विचारत नाही.”

मी काहीतरी बोलले. त्यांना ते ऐकू गेलं नाही, आणि ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतंही. आत जावं, हात हातात घ्यावा, असं वाटलं. तोंडावर मास्क होता. तरी उंबरा ओलांडला नाही. थोड्या वेळाने त्यांनीच हाताने ‘जा’ म्हटलं.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी ताई गेल्या.

त्यांच्या जागी आता मी आहे. स्वतःची तपासणी तीनदा करून घेतली, तरी साधा खोकला आला की दिवस मोजायला लागते. कप हातात घेऊन एखादी बाई विचारते, “मरन का वो मी?” मी तिला ‘घाबरू नका’ म्हणत नाही. भीती वाटतेच, मलाही वाटते, असं सांगते. मग मास्क बांधून तिच्याशेजारी बाकावर जाऊन बसते. ताईंजवळ बसायचं राहून गेलं.