कोळ्यांवरचा आळ

अक्काचा उजवा डोळा गेला त्याला आता तीन वर्षं झाली. कसा गेला असं कोणी विचारलं की मी "नागीण झाली होती" एवढंच सांगतो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. जे मी सांगत नाही ते इथं लिहितो.

अक्का माझी मोठी बहीण, नऊ वर्षांनी थोरली. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊ-खाऊ तिनंच घातलं. नांदेडहून मुदखेडच्या पलीकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत ती तीस वर्षं जाऊन-येऊन शिकवत होती. लग्न केलं नाही. का केलं नाही हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही, मीही नाही. निवृत्तीनंतर तिचे गुडघे धरले, तेव्हा मी तिला लातूरला माझ्याकडे आणलं. ती दोन महिने नको म्हणत होती. आणलं मीच.

ती कोळी मारत नसे. त्यात पाप-पुण्याची भानगड नव्हती. "खातो काय तो तुमचं? डासच खातो की," एवढंच तिचं म्हणणं. भिंतीवर मोठा कोळी दिसला की ती काचेचा ग्लास त्याच्यावर पालथा घाली आणि थांबे. पाय कडेखाली सापडू नयेत म्हणून तो मधोमध येईपर्यंत थांबायचं. मग एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा भिंतीला घासत खालून सरकवायचा, तोही त्याला पाय वर घेऊ देत देत. अंगणात नेल्यावर झटकायचं नाही. भिंतीच्या सावलीला ग्लास आडवा ठेवून द्यायचा, त्याचा तो निघून जातो. उन्हात तापलेल्या फरशीवर कधी सोडायचा नाही. मोरीतल्या बादलीच्या काठावरून ती एक चिंधी आत सोडून ठेवी. पडलेला कोळी तिला धरून वर येई. पोटाखाली अंड्यांची पांढरी चकती धरून बसलेली मादी दिसली तर पिलं सुटेपर्यंत तो कोपराच झाडायचा नाही.

माझ्या बायकोला हे आवडत नव्हतं, पण ती हसून घेई. डोळा गेला त्या वर्षी, नवरात्राच्या जरा आधी गॅसच्या टाकीमागे अशी मादी बसली होती. बायको म्हणाली, "अक्का, तुमच्या बाळंतिणीला अजून किती दिवस?"

"सव्वा महिना तर होऊ दे," अक्का म्हणाली.

त्या दोघी हसल्या. मी हसलो नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. कोळी हा माणसाचा मित्र, हे दर वर्षी वर्गात सांगतो. पण एकदा शाळेतले एक सर घरी आले होते, त्यांनी छताच्या जळमटांकडं बघून प्रयोगशाळा घरीच काढली काय, असं विचारलं. ते मला लागलं होतं. अक्काला मी कधी तोंडावर बोललो नाही. मनात मात्र धरून ठेवलं की घर माझं आहे आणि चालतंय हिचं.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात. म्हणजे घरातलं अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी सगळं धुवायचं, भिंती झाडायच्या, जळमटं काढायची. त्या वर्षी अक्का दोन दिवस झाडूच्या पुढं ग्लास घेऊन खोलीखोलीतून फिरली. बायको झाडू घेऊन मागं उभी राहायची, अक्का "हं, आता मार" म्हणाली की झाडायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का म्हणाली, डोकं एकाच बाजूनं ठणकतंय, उजव्या बाजूच्या केसाला हात लागला तरी कळ येते. दगदग झाली, असं आम्ही म्हणालो. सकाळी उठली तर उजव्या भुवईवर चार-पाच पाण्याचे फोड.

मी बघितलं आणि म्हणालो, "कोळी मुतला."

आमच्याकडे असंच म्हणतात. अंगावर रातोरात पाण्याचे फोड आले की कोळी मुतला. मी त्याला माझ्या शिक्षणाची जोड दिली. कोळ्याच्या अंगात आम्लासारखं द्रव्य असतं, त्यानं कातडी भाजते, असं मी वर्गात सांगावं तसं सांगितलं. असलं काही मी शिकवतो त्या कुठल्याच पुस्तकात नाही.

शेजारच्या मावशी डोकावल्या होत्या. त्यांनी अक्काचं कपाळ उजेडाकडं वळवून बघितलं आणि म्हणाल्या, ही नागीण आहे, एकाच अंगाला आलीय बघा मास्तर. औशाकडं एक जण गेरू लावून मंत्र घालतो, त्याच्याकडं न्या. मी हसलो. आम्ही शिकलेली माणसं, मावशी, असं काहीतरी बोललो. त्यांचा उपाय चुकीचा होता, पण दुखण्याचं नाव बरोबर होतं. मी उपायासोबत नावही उडवून लावलं. त्यांनी मंत्रवाल्याचं काढलं नसतं तर मी ऐकलं असतं, अशी समजूत मी पुष्कळ दिवस घालून घेतली. ऐकलं नसतं.

अक्का म्हणाली, "कोळी असं करत न्हाई रे. मला आतून दुखतंय, भाईरून न्हाई."

मी म्हणालो, दोन दिवस त्यांच्याच मागं फिरत होतीस, आता भोग.

बायकोला मी आंबेहळद उगाळून लावायला सांगितलं. तिनं लावली. मी दुकानातून फवाऱ्याचा डबा आणला. खोल्यांचे कोपरे, कपाटामागची फट, खिडक्यांच्या चौकटी, सगळीकडं मारला. जे पळाले ते चपलेनं मारले. गॅसच्या टाकीमागची ती मादी पळाली नाही. चकतीवर पाय आवळून तिथंच आकसत गेली. सुपलीत गोळा केले तेव्हा ते सुकलेल्या मेथीच्या काड्यांसारखे दिसत होते. अक्का कपाळाला लेप लावून खाटेवर बसली होती.

"काय करून राहिलास?"

"तुझ्यासाठीच करतोय," मी म्हणालो. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

दुपारी तिची आग थांबेना म्हणून मी मेडिकलच्या दुकानात गुलाबी लोशन आणायला गेलो. दुकानदार ओळखीचा, माझ्याच वयाचा. कुठं आलंय, असं त्यानं विचारलं. मी माझ्या भुवईवर बोट ठेवलं. नाकाच्या शेंड्यावर काही आहे का, असं त्यानं विचारलं. सकाळी तिथंही एक बारीक फोड मी बघितला होता. मी हो म्हणालो. त्यानं काउंटरवर ठेवलेली बाटली परत मागं घेतली.

"सर, हे लावत बसू नका. ही नागीण आहे आणि ती डोळ्यात उतरते. आजच डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. गोळ्या लवकर सुरू झाल्या तरच उपयोग असतो."

मी बाटली मागून घेतली आणि घराकडं निघालो. वाटेत मी अक्काच्या डोळ्याचा विचार करत नव्हतो. मावशी अजून ओट्यावर असतील, बायकोनं माझं आम्लाचं भाषण ऐकलंय, सुपली अजून मोरीपाशीच आहे, याचा विचार करत होतो. नागीण असेल तर कोळ्यांनी काहीच केलेलं नव्हतं आणि मी ते सगळे उगाच मारले होते. हे तीन बायकांसमोर कबूल करावं लागणार होतं. उद्या सकाळी बघू, असं ठरवत मी फाटक उघडलं.

घरात आल्यावर सांगितलं, "लोशन दिलंय. चार दिवसांत उतरेल म्हणाला."

तो असं म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घट बसले. फोड पापणीवर आले. बायको म्हणाली, अहो, दाखवून येऊ का? मी म्हणालो, पापणी सुजली आहे एवढंच. तिसऱ्या दिवशी डोळा मिटला. चौथ्या दिवशी अक्का उजेड सोसवेना म्हणून पदर तोंडावर घेऊन बसली, तेव्हा रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी बोटांनी पापण्या उघडल्या. बुबुळावर धुकं आलं होतं. ते रागावले नाहीत. आधी कोणीच काही सांगितलं नाही का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. अक्का माझ्या शेजारी होती. मी "नाही" म्हणालो.

औषधं झाली, थेंब झाले, सोलापूरला दाखवून झालं. बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या डोळ्यानं तिला आता दिवस आहे की रात्र एवढंच कळतं. कपाळाचा ठणका गेला नाही, वारं लागलं तरी ती कळवळते. सहा महिन्यांनी ती म्हणाली, मला नांदेडला नेऊन सोड. मी एकदाही रहा म्हणालो नाही. तिच्या तोंडाकडं बघावं लागणार नाही, याचं मला बरंच वाटलं.

या दिवाळीनंतर मी एकटाच नांदेडला गेलो. तिच्या दोन खोल्या तिनं लख्ख ठेवल्या आहेत. चहा ओतताना ती कपाच्या काठाला बोट लावून ठेवते, कारण एका डोळ्यानं अंतर कळत नाही. बोट भाजलं तरी काढत नाही. ते बघितलं आणि मला पुढं गप्प बसता आलं नाही. मेडिकलवाला त्या दिवशी काय म्हणाला होता ते सांगितलं.

तिनं कप माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "किती वाजता सांगितलं त्यानं?"

"तीन-साडेतीनला."

"म्हणजे दवाखाना उघडा होता."

"हाव."

मी माफीचं काही बोलायला लागलो. तिनं हातानंच थांबवलं.

"हे कोळ्याचं नव्हे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "माझ्या घरी असते तर मी आपली रिक्षा करून गेले असते. तुझ्या घरात होते. तू सगळ्यांसमोर एवढं ठासून बोलला होतास. तुला वाईट वाटंल म्हणून बसून राहिले." आणि मग, "बायकोला सांगितलंस का हे?"

"नाही."

"तिला आधी सांगायला पाहिजे होतंस. लेप लावला म्हणून डोळा गेला असं तिला वाटतंय. मी इकडं आल्यापासून फोनवर रडती माझ्यापाशी. मी किती सांगू तिला?"

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे, ती स्वयंपाकघरात आंबेहळद ठेवत नाही हे मी बघितलं होतं. का, ते विचारलं नव्हतं. माझ्या चुकीचं ओझं कोणावर तरी पडलंय, हे मला कुठंतरी कळत होतं आणि मी ते पडू दिलं.

त्याच संध्याकाळी लातूरला परतलो. बायकोनं विचारलं, कशा आहेत अक्का. मी तिला खाली बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. लेप लावायला मीच सांगितलं होतं, हेही सांगितलं, कारण ते ती विसरून गेली होती. शेवटी तिनं फक्त एक विचारलं, त्या चार दिवसांत मी दोनदा दाखवू या म्हणाले होते, का एकदाच? मला एकदाच आठवत होतं. ती म्हणाली, दोनदा.

आता त्या दोघी रोज फोनवर बोलतात. मी खोलीत आलो की बायको फोन घेऊन अंगणात जाते.